मधे माणूस आला की कारणांची साखळी तुटते का?

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आरोपीची कृती आणि परिणाम यांच्या मधे दुसऱ्या कुणाची स्वेच्छेने केलेली कृती आली तर कारणांची साखळी तुटते, असं तिला वर्गात शिकवलं गेलं. तिची शंका अशी: त्या दुसऱ्या माणसाच्या कृतीलाही काहीतरी कारण असणारच. मग साखळी तुटते म्हणजे नेमकं काय होतं? आणि त्याच्या कृतीला खरोखरच कारण नसेल, तर ती निव्वळ योगायोगाने घडलेली गोष्ट ठरेल. तिला स्वतंत्र कृती तरी का म्हणायचं?

मी तत्त्वज्ञान शिकवत आलो आहे आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही कार्यकारणभाव शिकवला आहे. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण इथे दोन जुने वाद एकाच ठिकाणी येऊन भिडतात. कारण म्हणजे काय हा एक, आणि माणूस आपल्या कृतीचा धनी केव्हा असतो हा दुसरा. माझं उत्तर आधीच सांगतो: साखळी तुटत नाही. कर्ता असायला आद्य कारण असावं लागत नाही. हे नीट उलगडायला थोडा वेळ लागेल.

कायद्यातल्या या सिद्धांताची सर्वांत काळजीपूर्वक मांडणी हार्ट आणि ऑनोरे या ऑक्सफर्डच्या दोन विद्वानांनी १९५९ साली केली. त्यांचं उदाहरण असं आहे. एकाने पेटती सिगारेट रस्त्याकडेच्या झुडपांत टाकली. आग विझायला आली तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, ज्वाळा भडकल्या आणि जंगल जळालं. इथे आपण म्हणतो, सिगारेट टाकणाऱ्याने जंगल जाळलं. आता झुळुकीच्या जागी एक माणूस घाला. त्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. तो विझत आलेल्या आगीवर मुद्दाम पेट्रोल ओततो. आता आपण म्हणतो, जंगल दुसऱ्याने जाळलं. दोन्ही प्रसंगांत पहिल्याची सिगारेट नसती तर जंगल वाचलं असतं. म्हणजे ‘ते नसतं तर हे झालं नसतं’ ही कसोटी दोन्हीकडे सारखीच लागू पडते. फरक पडला तो फक्त मधे वारा आला की माणूस, याने.

इथे घाईने निष्कर्ष काढला जातो: वाऱ्याला कारण असतं, माणसाच्या इच्छेला नसतं, म्हणून हा फरक. मायकेल मूर यांच्यासारखे कायद्याचे तत्त्वज्ञ या सिद्धांतावर तुटून पडतात ते याच जागी. निसर्गात अशी तुटलेली जागा कुठेच नाही, मग कायद्याने ती का मानावी, असं त्यांचं म्हणणं. कायद्याला खरोखर कारणरहित इच्छा अभिप्रेत असती, तर हा आक्षेप जीवघेणा ठरला असता. पण निकाल वाचले की दिसतं, कायदा तसं मानतच नाही.

इंग्लंडमधले दोन निकाल शेजारी ठेवा. १९८३ सालच्या प्रकरणात पोलिसांनी घेरलेल्या एका सशस्त्र माणसाने एका तरुण मुलीला ढालीसारखं पुढे धरलं आणि पोलिसांवर गोळ्या झाडल्या. पोलिसांनी उलट गोळीबार केला. त्यांच्या गोळ्यांनी ती मुलगी मेली. तरी तिच्या मृत्यूचं कारण तो माणूसच ठरला. २००७ सालच्या दुसऱ्या प्रकरणात एकाने हेरॉइन भरलेली सिरिंज दुसऱ्याच्या हातात दिली, दुसऱ्याने ती स्वतः टोचून घेतली आणि तो मेला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, पुरवणाऱ्याला मृत्यूच्या आरोपातून सोडलं. सज्ञान प्रौढ माणसाने समजून-उमजून, कुणाच्या दबावाशिवाय घेतलेला निर्णय मधे होता, हे त्यामागचं कारण.

आता बघा. पोलिसांचं बोट चापावर दाबलं जाण्यामागे मज्जातंतूंची जी काही कारणं होती, तशीच सिरिंज टोचण्यामागेही होती. कारणांच्या संख्येत किंवा घट्टपणात काही फरक नाही. उलट व्यसनी माणसाचा हात कदाचित जास्तच ठरल्याप्रमाणे चालला असेल. तरीही पोलिसांची कृती ‘स्वतंत्र’ धरली गेली नाही आणि त्याची धरली गेली. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी आणि कर्तव्य म्हणून पोलिसांना जे करावं लागलं, तिथे त्यांना निवडीसाठी रास्त वाव उरला नव्हता. म्हणजे कायद्याच्या लेखी ‘स्वतंत्र’ हा ‘सकारण’च्या विरुद्ध शब्द नाही. तो दबाव, फसवणूक, अज्ञान आणि कर्तव्याची निकड यांच्या विरुद्ध आहे.

ही वाट स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ सालीच दाखवून ठेवली होती. ह्यूमच्या मते कारण म्हणजे ढकलणारी शक्ती नव्हे. एका प्रकारच्या घटनेमागून दुसऱ्या प्रकारची घटना नेमाने येते, आणि ते पाहून आपल्या मनाला एकीवरून दुसरीची अपेक्षा करण्याची सवय लागते. एवढंच आपल्या हाती असतं. हे मानलं तर ‘माझ्या कृतीला कारण होतं, म्हणून मला त्या कारणाने भाग पाडलं’ ही उडी मारताच येत नाही. त्याचा कैदी मला अजूनही फार बोलका वाटतो. खिशात पैसा नाही, ओळखपाळख नाही, असा तुरुंगातला कैदी सुटकेचा विचार करताना तुरुंगाधिकाऱ्याचा करारी स्वभाव आणि भिंतींचा दगड या दोन्हींचा सारखाच भरवसा धरतो. माणसाच्या स्वभावावर आपण रोज इतकं विसंबतो. म्हणून कुणी त्या अधिकाऱ्याला गुलाम म्हणत नाही.

ह्यूमचं हे उत्तर सगळ्यांना पुरलं नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८८ मध्ये कारण आणि स्वातंत्र्य यांच्या अशा समन्वयाला केविलवाणी पळवाट म्हटलं. आपल्या आतल्या इच्छांनी आपण हलतो एवढ्यानेच स्वतंत्र ठरत असू, तर एकदा किल्ली दिली की आपोआप फिरणारं यंत्रही स्वतंत्र म्हणावं लागेल, असा त्याचा टोला. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असं अख्खं प्रकरण याच अडचणीला दिलं आहे. देह आणि इंद्रियं कर्माच्या नियमाने बांधलेली, आत्मा मात्र प्रकृतीचा भाग नाही, म्हणून त्याची प्रेरणा स्वतंत्र, अशी त्यांची मांडणी कांटच्या बरीच जवळ जाते. ज्याला मराठीतून या वादात शिरायचं आहे त्याने हे प्रकरण जरूर वाचावं. माझी वाट मात्र तिथून वेगळी होते. आत्म्याला कारणांच्या जाळ्याबाहेर ठेवलं, की तो जाळ्याच्या आत हात कसा घालतो हे सांगता येईनासं होतं.

असाच एक पर्याय विसाव्या शतकात अमेरिकी तत्त्वज्ञ रॉडरिक चिझम यांनी १९६४ सालच्या व्याख्यानात मांडला. ॲरिस्टॉटलचं वाक्य त्यांनी हाताशी घेतलं: काठी दगड हलवते, काठीला हात हलवतो, हाताला माणूस हलवतो. आणि माणसापाशी ही मालिका थांबते. घटनेचं कारण दरवेळी घटनाच असेल असं नाही, कधी ते कर्ता स्वतः असतो. वाचताना हे मनाला पटतं, कारण आपल्याला आतून तसंच जाणवतं. पण इंग्लिश तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉड यांनी त्यांच्याही तीस वर्षं आधी विचारून ठेवलं होतं: माणूस तर काल होता, आजही आहे, मग कृती आत्ताच का घडली? ‘आत्ता’चं स्पष्टीकरण द्यायचं तर माणसात आत्ता काय बदललं ते सांगावं लागतं. ते सांगितलं की आपण पुन्हा घटनांकडे आलो. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मी आजवर वाचलेलं नाही.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याच प्रश्नाला ज्या शिस्तीने हात घातला, तो भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाची व्याख्या आहे, ‘कार्यनियतपूर्ववृत्ति कारणम्’. कार्याच्या आधी जे नेमाने असतं ते कारण. पण आधी नेमाने असणाऱ्या गोष्टी तर ढीगभर असतात. म्हणून नैयायिक ‘अन्यथासिद्ध’ गोष्टी वगळतात, म्हणजे ज्यांच्याशिवायही कार्याची संगती लागते त्या. त्याच काळातल्या विश्वनाथाने दिलेल्या पाच प्रकारांत एक आहे कुंभाराचा बाप. कुंभार घटाचं कारण आहे. बाप नसता तर कुंभार नसता आणि घटही नसता, तरी बाप घटाचं कारण नाही. आजच्या काळात डेव्हिड लुईस यांनी १९७३ मध्ये ‘ते नसतं तर हे नसतं’ या कसोटीवर कार्यकारणभाव उभा केला तेव्हा हीच अडचण पुढे आली. खुन्याची आई नसती तर खून झाला नसता. म्हणून आई खुनाचं कारण? लुईस म्हणतात, आहे, फक्त आपण तिचा उल्लेख करत नाही, कारण अनेक कारणांतून एक निवडणं हा आपल्या बोलण्याचा सोयीचा भाग आहे. नैयायिक म्हणतात, ती कारणच नाही. मला नैयायिकांचं पटतं.

पण एक सावधगिरी हवी. कुंभाराचा बाप वगळला जातो तो कुंभार स्वतंत्र आहे म्हणून नव्हे. बापाचं आधी असणं आपल्याला कुंभारामार्फतच कळतं, घटाशी त्याचा वेगळा संबंध लागत नाही, म्हणून तो वगळला जातो. विश्वनाथ पुढे हेही मान्य करतो की बाप ‘कुंभार’ या नात्याने घटाचं कारण असू शकतो, ‘कुंभाराचा बाप’ या नात्याने नाही. म्हणजे कारण कोण, हे ‘कोणत्या नात्याने’ या प्रश्नावर ठरतं. सिगारेट टाकणारा आग लावणाऱ्याच्या नात्याने कारण आहे का, की दुसऱ्याला संधी मिळवून देणाऱ्याच्या नात्याने, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

आणि नैयायिकांचा कर्ता कसा असतो? त्याला साधनसामग्रीचं ज्ञान असतं, करण्याची इच्छा असते आणि त्यातून कृती, म्हणजे प्रयत्न, उपजतो. ज्ञानातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न. या प्रत्येक पायरीला कारण आहे. तरी कर्ता हा कुंभाराच्या काठी-चाकासारखा (दंड-चक्रासारखा) नुसता एक घटक राहत नाही, कारण बाकीची सामग्री त्याच्या ज्ञानाच्या आणि इच्छेच्या वाटेने कामाला लागते. पाणिनीचं सूत्र आहे ‘स्वतन्त्रः कर्ता’, आणि व्याकरणकार भर्तृहरीने या स्वातंत्र्याची फोड केली तेव्हा ‘त्याला कशाचंच कारण नाही’ असं कुठेही म्हटलं नाही. बाकीची साधनं त्याच्या अधीन राहून कामाला लागतात आणि चालू झालेली साधनं तो थांबवू शकतो, या अर्थाने तो स्वतंत्र. लगेच पुढचं सूत्र सांगतं की कर्त्याला प्रेरणा देणाराही ‘हेतू’ म्हटला जातो. आई मुलाकडून अभ्यास करवून घेते, तेव्हा आई प्रेरक आहे आणि तरीही अभ्यासाचा कर्ता मुलगाच आहे. हे व्याकरण आहे, विश्वाचं शास्त्र नव्हे. व्याकरणाला पातेलंही ‘शिजवणारा कर्ता’ चालतं. पण विचारांची घडी इथे अचूक आहे: मागे प्रेरणा आहे म्हणून पुढचा माणूस कर्ता असणं थांबत नाही. आपल्या दंडविधानात अपप्रेरणेचा वेगळा गुन्हा आहे, तो याच घडीवर उभा आहे. चिथावणाऱ्याने खून ‘केला’ असं कायदा म्हणत नाही. त्याने खुनाला अपप्रेरणा दिली असं म्हणतो आणि त्यासाठी शिक्षा करतो.

आता ‘कारण नसेल तर योगायोग’ या तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो. तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्सकोम यांनी केंब्रिजमध्ये १९७१ साली दिलेल्या व्याख्यानात एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. संसर्गजन्य रोग्याजवळ मी गेलो, तर मला तो रोग होईलच असं कुणी डॉक्टर सांगणार नाही. पण झाला, तर कशामुळे झाला हे तो खात्रीने सांगेल. म्हणजे ‘अमुकामुळे झालं’ आणि ‘अमुक असताना ते टळूच शकत नव्हतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. कारण असणं म्हणजे अटळ असणं नव्हे. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट केन यांनी याच मोकळ्या जागेत आपला सिद्धांत बसवला: माझी निवड माझ्याच विचारांमुळे झाली, तरी ती आधीपासून ठरलेली नव्हती. यातून निदान एवढं सिद्ध होतं की ‘अटळ किंवा निव्वळ योगायोग’ ही जोडी अपुरी आहे, मधे तिसरी जागा आहे. ती जागा प्रत्यक्षात आपल्या मेंदूत आहे का, हे मात्र विज्ञानाने सांगायचं आहे.

मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाचा दाखला इथे नेहमी दिला जातो. मनगट हलवण्याची इच्छा जाणवण्याच्या काही अंश सेकंद आधीच मेंदूत तयारीची लहर दिसते, असा तो प्रयोग. मनगट आत्ता हलवायचं की क्षणभराने, याला कोणाकडेच काही कारणमीमांसा नसते. कायदा आणि नीती ज्या कृतींचा विचार करतात त्या कारणं तोलून, महिनोन् महिने मनात घोळवून केलेल्या असतात. त्यांच्याबद्दल तो प्रयोग फारसं काही सांगत नाही.

तोलून केलेल्या कृतीत विचारही कारण असतात का? तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९६३ मध्ये म्हटलं, हो. एकाच कृतीसाठी माझ्याकडे दोन हेतू असतील, तर त्यांतल्या ‘ज्यामुळे’ मी कृती केली तो खरा, आणि हे ‘ज्यामुळे’ कार्यकारणभावाशिवाय समजत नाही. पण दहा वर्षांनी त्यांनीच आपल्या म्हणण्याची मर्यादा दाखवली. एक गिर्यारोहक दोरावर दुसऱ्याचा भार पेलतो आहे. दोर सोडला तर आपण वाचू, हा विचार त्याच्या मनात येतो. त्या विचारानेच तो इतका हादरतो की हात सैल पडतो आणि दोर सुटतो. इच्छा आणि समजूत यांनीच हात सुटला, तरी त्याने दोर ‘सोडला’ नाही. सह्याद्रीतल्या कड्यांवर ज्यांनी साथीदाराला दोराने सांभाळलं आहे त्यांना यातला फरक समजावून सांगावा लागणार नाही. विचार आत असून भागत नाही, तो माझ्या तोलण्यातून गेला पाहिजे. नुसता धक्का बनून तो शरीरातून गेला, तर कृती माझी राहत नाही.

साखळीचा प्रश्न मला सुटतो तो या फरकावर. वाऱ्याची झुळूक आगीतून धक्क्यासारखी जाते. पेट्रोल ओतणाऱ्यापर्यंत सिगारेटचा परिणाम पोचतो, पण तो एक संधी म्हणून, त्याने ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणण्याचा विषय म्हणून. हार्ट आणि ऑनोरे यांनीही हा भेद केला होता: घटना घडवून आणणं वेगळं, दुसऱ्याला कृतीचं निमित्त किंवा संधी पुरवणं वेगळं. दोन्ही खरे कार्यकारणसंबंध आहेत. मात्र पहिल्या प्रकारात परिणामाचं कर्तेपण मागच्यापर्यंत वाहत जातं आणि दुसऱ्यात ते मधल्या माणसापाशी उतरतं. म्हणून हा दुवा भाकीत करण्याजोगा असला तरी फरक पडत नाही. ह्यूमचा तुरुंगाधिकारी पूर्णपणे भाकीत करण्याजोगा होता. आणि म्हणूनच तोलण्याची ती जागाच कोणी बिघडवली, तर कर्तेपण पुन्हा मागे सरकतं. ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून, सगळी बचत दुसऱ्याच्या खात्यात पाठवतो. बोट त्याचं, तरी पैसे त्याने उधळले असं आपण म्हणत नाही. खोटा पोलीस, खोटं वॉरंट, तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर डांबून ठेवणं, यांनी त्याच्या तोलण्याच्या जागी फसवणारा बसलेला असतो.

एक अडचण अजून उरते आणि ती टाळणं योग्य नाही. तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इन्वागन यांनी १९८३ मध्ये तिला सर्वांत धारदार रूप दिलं. जग जर पूर्णपणे नियत, म्हणजे आधीपासून ठरलेलं, असेल, तर माझी आजची कृती ही माझ्या जन्माआधीच्या स्थितीतून आणि निसर्गनियमांतून निघते. ती स्थिती माझ्या हातात नाही, नियमही नाहीत, मग कृती हातात कशी? लक्षात घ्या, या युक्तिवादात ‘कारण’ हा शब्दही लागत नाही, म्हणून ह्यूमची मलमपट्टी इथे पुरत नाही. या युक्तिवादाच्या आधीच्या मांडणीला लुईस यांनी १९८१ मध्ये दिलेलं उत्तर मला सर्वांत बरं वाटतं: मी वेगळं वागलो असतो तर कुठेतरी एखादा नियम किंचित वेगळा असता, हे मान्य करण्याचा अर्थ माझ्यात नियम मोडण्याची शक्ती आहे असा होत नाही. हे उत्तर बरोबर असलं तरी एक बोचणी राहते. माणसाला अखेरच्या अर्थाने, सगळ्या मागच्या गोष्टींपासून सुटून, दोषी धरता येतं का? मला वाटतं, नाही. ज्या घरात, ज्या हलाखीत माणूस वाढला, ते शिक्षा ठरवताना विचारात घेण्याचं हे खरं कारण आहे. पण ‘मृत्यू कुणी घडवला’ हे ठरवायला त्या अखेरच्या स्वातंत्र्याची गरज नसते.

परीक्षेत हा मुद्दा लिहाल तेव्हा ‘साखळी तुटली’ एवढ्यावर थांबू नका. मधल्या माणसाला काय माहीत होतं, त्याच्यावर दबाव होता का, त्याला थांबता आलं असतं का, हे पुराव्यासह लिहा. आणि कोणता नियम लावायचा आहे तेही पाहा. ब्रिटनमधला १९९८ सालचा एक निकाल घ्या: एका कंपनीच्या डिझेलच्या टाकीचा नळ अनोळखी माणसाने उघडला आणि डिझेल नदीत गेलं. तरी प्रदूषण ‘घडवल्या’बद्दल कंपनीच दोषी ठरली, कारण धोकादायक वस्तू सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकण्यासाठीच तो कायदा होता. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्येही स्पष्टीकरण आहे की योग्य उपचारांनी मृत्यू टळला असता तरी इजा करणाऱ्यानेच मृत्यू घडवला असं धरावं. तिथे उपचारांतली उणीव मधे येऊनही कर्तेपण हलत नाही. हे दोन अपवाद तुम्ही २००७ च्या निकालाशेजारी ठेवून समजावू शकलात, तर वर्गातल्या पुढच्या चर्चेत व्यसनी माणसाचं उदाहरण आवर्जून काढा. त्याचं तोलणं शाबूत होतं की नाही, यावर त्या निकालाबद्दल माझंही मन अजून पूर्ण स्थिर नाही.